काठी रोवली की माणसं येतात

बोईसर, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय वैभवी,

व्हॉट्सॲपवर तू माझे मेसेज उघडत नाहीस हे कळलं, म्हणून हा कागद. टपालाने आलेलं पत्र न वाचता फेकायला माणूस जरा जास्त निर्ढावलेला लागतो, आणि तेवढी तू झालेली नाहीस अशी माझी समजूत आहे.

तब्येत बरी आहे. गळ्यावरचं छिद्र सकाळ-संध्याकाळ आरशात बघून पुसते, तू शिकवलंस तसंच. खोकला नाही. जेवण जातं. वास मात्र अजून येत नाहीत, पण बोईसरमध्ये राहणाऱ्या बाईने त्याचं फार दुःख करू नये.

जाताना दारात तू म्हणालीस, "तुझ्याशी धड भांडतासुद्धा येत नाही, आई." खरं आहे. मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत तू जिना उतरलेली होतीस. पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे आणि मधूनमधून आपलाही घालायचा. आता स्वरयंत्रच नाही म्हटल्यावर मी कशी बसले असेन ते तुला वेगळं सांगायला नको. तूच होतीस सगळे महिने उशाशी.

पण मुलुंडला तुझ्याकडे का येत नाही, ते मी तुला नीट सांगितलेलं नाही. तुला वाटतं मला घर सुटत नाही. घराचं मला काही नाही गं. इथून शेअर रिक्षाने मुरब्याचा किनारा जवळ आहे, एवढंच कारण आहे. सोसायटीत गच्चीवर तार लावू देत नाहीत आणि कारखान्यांच्या विजेची खरखर इतकी, की घरात सेट लावला तर नुसती शेगडीवर मिरच्या तडतडल्यासारखी ऐकू येते. म्हणून मी काठी, तार, बॅटरी आणि तो डब्याएवढा रेडिओ पिशवीत घालून समुद्रावर जाते. गळाची फायबरची काठी वाळूत रोवायची, तिच्यावर तार चढवायची, आणि बटणाने मोर्सच्या खुणांचं कट्ट कडकट्ट सुरू करायचं. "कोणी आहे का?" एवढंच विचारायचं असतं. कोणीतरी असतंच.

तिथे मी मुकी नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बटणावर हात ठेवला तेव्हा कोट्टायमच्या कुरियननी दोन शब्दांत ओळखलं. "बऱ्याच दिवसांनी, भाग्यश्री. प्रवासात होतात का?" मी म्हटलं, हो, प्रवासात होते. हाताची ढब तीच राहिली आहे, बघ. ती काही कापून काढता आली नाही कोणाला.

काठी रोवली की माणसं येतात. मुरब्याला बोंबील सुकवायच्या बांबूंपाशी एक कोळीण असते, ती पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो बाय, सुक्यात गळ टाकतेस?" मी हसले, तर तीही हसली. आता ती माझ्याशी एकटीच बोलते आणि स्वतःच उत्तरं देते, फार बरं चाललंय आमचं. सुट्टीवर आलेले कारखान्यातले दोघं म्हणाले, "मॅडम, इधर टॉवर लगेगा क्या? नेटवर्क बहुत खराब है." एका गृहस्थांनी मला हवा तपासणाऱ्या खात्याची समजून बोईसरच्या धुराबद्दल बरंच सुनावलं. पाटी काढून लिहीपर्यंत ते समाधान पावून निघूनही गेले होते. दोन पोलीस आले, त्यांनी परवाना बघितला, फोटो काढला, आणि जाताना एकाने विचारलं की त्याच्या मुलीच्या शाळेत हे दाखवायला याल का.

एकटी जात नाही, सोबत असते कोणी ना कोणी. काळजी नको.

तुझी,
आई


बोईसर, १५ डिसेंबर

प्रिय वैभवी,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. चालेल.

गेल्या रविवारी समुद्राऐवजी टेकडी धरली. वाणगावच्या पूर्वेला, डांबरी रस्ता संपतो तिथून वर. उंचावरून सिग्नल जास्त लांब जातो म्हणतात. जाताना जरा धडपडले, गुडघा खरचटलाय. तारही तुटली होती, ती जोडली. विशेष काही नाही.

एक विचारायचं होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी घरी परत जायचं म्हणून हट्ट धरला होता, आठवतं? चप्पल घालून खाटेवर बसले होते. तेव्हा तू मला काहीतरी बोललीस आणि मी चप्पल काढली. काय बोललीस ते मला आठवत नाही, औषधांमुळे असेल. मला ते हवं आहे. दुसऱ्या कोणाला तरी सांगायचंय.

आई


बोईसर, २२ डिसेंबर

प्रिय वैभवी,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाही. आता लिहावं लागणार, कारण तुझ्याकडे काम आहे. रागावशील ते रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

सोबत कोणी नसतं. मी एकटीच जाते.

त्या टेकडीवर एक माळ आहे, त्याच्या खाली पाडा. आदिवासींची घरं, भात कापून झालेली शेतं. मी काठी उभी केली, तार चढवली, खाली बसते न बसते तोच बायका चढून आल्या. पुढे एक ठेंगणी, काटक, हातात कोयता. तिचं नाव ठमी. मागून चार-पाच पुरुष.

"मोजाय आलीस ना?" ठमीने विचारलं. "कोनी पाठवली तुला?"

मला नंतर कळलं ते आधी सांगते. गेल्या वर्षी अशीच माणसं काठ्या आणि यंत्रं घेऊन आली होती. पाणी मागितलं, यांनी दिलं, मोजमाप करून गेली, आणि मागून जमिनीच्या नोटिसा आल्या. त्यामुळे काठी घेऊन येणाऱ्या माणसाला आता तिथे पाणी मिळत नाही.

मी पाटीवर लिहिलं, "मी सर्वेची नाही. हा हौशी रेडिओ आहे." त्यांच्यात अंगणवाडीच्या चिमीताई होत्या, त्यांनी वाचून दाखवलं.

"रेडिओ हाय सांगते."

"रेडिओला एवढी काठी लागते काय?" एक जण म्हणाला, आणि खरं सांगू, मलाही तो प्रश्न रास्तच वाटला. त्याने तार हिसकली, ती तुटली. काठी आडवी झाली. मी बॅटरी धरायला धावले आणि पडले, गुडघा खरचटला तो असा.

"बोलत का नाय? तोंड नाय का तुला?" ठमी माझ्यावर वाकून ओरडत होती. मी ओठ हलवत होते. भीतीने श्वास जोरात चालला होता आणि गळ्याशी ओढणीतून फस्स फस्स आवाज येत होता. तिला वाटलं मी ओढणीत काही यंत्र लपवलंय. तिने ओढणी ओढली.

पुरुष दोन पावलं मागे सरले. एका बाईने तोंडावर पदर घेतला. ठमी मात्र हलली नाही. तिने कोयता खाली ठेवला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, इतकी जवळ की तिच्या कपाळावरचं गोंदण मला दिसत होतं.

"याच्यातनं वारा घेतेस?"

मी मान हलवली.

"गळा कापला तुजा? दवाखान्यात?"

हो.

"आनि जगलीस?"

वैभवी, मला तिथे, त्या धुळीत, हसू आलं. मी मान हलवली. तिला हसू आलं नाही. तिने माझा हात धरून मला उभं केलं आणि म्हणाली, "चल."

तिच्या घराच्या ओटीवर तिचा नवरा खांबाला टेकून बसला होता. सुका. अंगाने चांगला, पण श्वास घेताना खांदे वर जात होते. आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू घासावी तसा. आपल्याला तो आवाज माहीत आहे, तुला आणि मला. माझाही तसाच झाला होता. त्याला मुंबईच्या, माझं ऑपरेशन झालं त्याच मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं, ऑपरेशन सांगितलं होतं. वॉर्डात गळ्याला भोक असलेला एक माणूस दिसला, आणि हा तसाच उठून पळून आला.

"गळा कापून सोडाय मी कोंबडं हाय काय?" तो ठमीला म्हणाला. मग त्याने मला बघितलं. बराच वेळ बघितलं. मी बसले त्याच्यासमोर, ओढणी न घेता. तुला ठाऊक आहे मी घरातसुद्धा ती काढत नाही.

"भाकर जाते?" त्याने विचारलं.

ठमीने नाचणीची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली. मी खाल्ली. तो माझा गळा बघत होता, घास कुठून बाहेर तर येत नाही ना म्हणून. सगळा पाडा बघत होता. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी जेवले नसेन.

"बिडी?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही.

"मंग काय मजा," तो म्हणाला, आणि ठमीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "शेतातनं हिला हाक कशी मारू?"

त्याच्याशी खोटं बोलवेना. मी पाटीवर लिहिलं, "हाक मारता येणार नाही. मलाही मुलीला हाक मारता येत नाही." चिमीताईंनी वाचलं.

माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती. मी खुणेने त्याला माळावर चल म्हटलं. तो थांबत थांबत चढला. काठी त्याच लोकांनी उभी केली, तार ठमीने गाठी मारून जोडली. मी बटण धरलं आणि विचारलं, कोणी आहे का. खरखर. पुन्हा विचारलं. आणि देवाची दया म्हणायची, कँडीहून एक जण आला. स्पष्ट, खणखणीत. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्याने त्याचं. चिमीताई पाटीवरचं वाचून सगळ्यांना सांगत होत्या, "हा श्रीलंकेचा हाय. इकडं ऊन हाय का, विचारतो. ही सांगते, हाय."

सुका वाकून ऐकत होता. म्हणाला, "त्याला म्हाईत हाय, तुजा गळा कापलाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "नको सांगू."

खाली उतरताना तो म्हणाला की मी येत असेन तर तो दवाखान्यात परत जाईल. आता तूच सांग. मला बोलता येत नाही, ठमीने मुंबई पाहिलेली नाही, सुकाला दम लागतो. आम्ही तिघं त्या दवाखान्याच्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिलो तर पुढे काय होणार? तुला तिथल्या सगळ्या खिडक्या पाठ आहेत. कुठला कागद कुठे, कुठल्या सिस्टरला हात जोडायचे, कोणाशी भांडायचं.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याशी बोलूही नकोस हवं तर. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं दवाखान्याच्या मोठ्या फाटकाशी असू.

आई


बोईसर, १९ जानेवारी २०२५

प्रिय वैभवी,

सुकाच्या नाकातली नळी काल काढली. ठमीने चिमीताईंच्या फोनवरून कळवलं, म्हणजे तुला माझ्याआधीच कळलं असणार. पेज प्यायला आणि दुसरी वाटी मागितली म्हणे. मी स्वयंपाकघरात उभी होते, मेसेज वाचला आणि तिथेच ओट्याला धरून थोडा वेळ थांबले. त्याला काही झालं असतं तर मीच त्याला तिथे नेलं होतं ना.

त्या गुरुवारी तू फाटकाशी आलीस, ठमीला म्हणालीस, "मी वैभवी. कागद द्या." माझ्याकडे बघितलं नाहीस. मी बघत होते. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने उद्या या म्हटलं तेव्हा तू ज्या आवाजात "उद्या नाही" म्हणालीस, तो आवाज कुठून आला ते मला माहीत आहे. एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल तुंबायचे तेव्हा मी तोच लावायचे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सुकानेही चप्पल घातली. सगळेच घालतात वाटतं. तू त्याच्याजवळ बसलीस आणि बोललीस, तेव्हा मला कळलं मला त्या दिवशी काय सांगितलं होतंस. "आवाज गेला तर तुम्ही जाणार नाही. आम्हाला तुम्ही पाहिजे." तेवढंच होतं होय. मी काहीतरी मोठं असेल समजत होते.

ऑपरेशन चालू असताना आपण तिघी त्या बाकावर बसलो होतो, ठमी मधे. डॉक्टर बाहेर आले आणि तुझ्याशी बोलले. मी तुझी पाठ बघत होते. पाठीवरून काही कळेना. मग तू वळलीस आणि ठमीला म्हणालीस, "झालं. चांगलं झालं." ठमी बाकावरून खाली फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी जमिनीला नमस्कार केला. तू तिला उठवायला गेलीस आणि तूही खालीच बसलीस. मी एकटी वर राहिले. चांगलं दिसत होतं ते वरून.

दिवसभरात माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. पण डब्यातला एक कप्पा माझ्यासाठी मऊ भाताचा होता, मी लिंबू घातलेलं खात नाही हे लक्षात ठेवून केलेला.

एक परवानगी हवी. तू मला आणून दिलेलं ते गळ्याला लावायचं यंत्र कपाटात पडून आहे. तुला वाईट वाटलं होतं मी ते वापरलं नाही म्हणून. त्यातून येणारा आवाज माझा नव्हता, माझ्याच्याने ऐकवत नव्हता. सुकाला चालेल असं वाटतं. त्याला हाका मारायच्या आहेत. देऊ का?

आई


बोईसर, ९ मार्च

प्रिय वैभू,

काल रात्री तू गाडीत बसलीस आणि आज लगेच हे पत्र. मेसेज करू शकले असते, आता तू उघडतेस. "दे" एवढा एकाक्षरी निरोप तू यंत्रासाठी पाठवलास तेव्हापासून उघडतेस. पण कागदाची सवय लागली.

सुकाची बातमी आधी. तो ते यंत्र गळ्याला लावून कोंबड्यांवर ओरडतो. पाड्यातली पोरं त्याच्यामागे फिरतात, पुन्हा बोल म्हणून. ठमी म्हणते, आधी कमी बोलायचा, आता थांबत नाय. शेतातून हाक अजून पोचत नाही. मग तो पत्रा वाजवतो आणि ती येते. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही.

आता कालचं.

तू म्हणालीस की मी एकटी तिथे काय करते ते तुला एकदा बघायचंय. आपण मुरब्याला गेलो. कोळीण तुझ्याकडे बघून म्हणाली, "ही तुजी पोर? तोंड तुजंच हाय." तू लाजलीस. मग मी काठी रोवली आणि तू चटईवर आडवी होऊन शेंगा खात बसलीस.

माणसं आली, नेहमीसारखी. दोन गाड्या भरून सहलीचे लोक होते. त्यातले ते टोपीवाले गृहस्थ पुढे झाले. मला तेव्हा जपानहून एक जण मिळाला होता, ओसाकाचा, फार क्षीण, वाऱ्यावर येत-जात होता. एक हात बटणावर, एक कानावरच्या हेडफोनवर. पाटी उचलायला तिसरा हात नव्हता.

"काय चाललंय हे? कोणाची परवानगी आहे?" मी मान हलवली. "अहो बाई, तुम्हाला विचारतोय. ऐकू येत नाही का?" त्यांचा आवाज चढला. लोक जमले. कोणीतरी मोबाइल काढला.

तू उठलीस. अंगावरची वाळू झटकलीस. मला वाटलं, आता तू ते म्हणशील. सोसायटीत, बँकेत, दवाखान्यात, रिक्षावाल्याला, सगळीकडे माझ्या आधी पुढे होऊन तू जे सांगायचीस. "तिचं ऑपरेशन झालंय, तिला बोलता येत नाही." तू ते मला वाचवायलाच म्हणायचीस, मला माहीत आहे. पण प्रत्येक वेळी ते ऐकलं की मी जरा लहान व्हायचे. हे तुला मी कधी लिहून दाखवलं नाही.

तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई बोलतेय. तिचं संपू दे, मग विचारा."

बस, एवढंच. भांडणाच्या आवाजात नाही, अगदी साध्या. घरी कोणी आलं आणि आई फोनवर असली तर मूल सांगतं ना, तसं.

त्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "हो का. बोलू दे, बोलू दे." आणि तिथेच वाळूत बसले. त्यांचं बघून बाकीचे बसले. एका बाईंनी पोराला दटावलं, गप्प बस, त्या बोलतायत.

तू परत चटईवर गेलीस आणि शेंगा सोलू लागलीस, जसं काही झालंच नाही. तुला कळलंही नसेल. मी मात्र बटणाकडे न बघता तुझ्याकडेच बघत होते आणि अक्षरं एकमेकांत गेली. ओसाकाच्या माणसाला काही समजलं नाही. त्याने पुन्हा सांगा म्हटलं.

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर. कोणालाच घाई नव्हती.

तुझी,
आई